माझा प्रदेश कोणता?

प्रति,
माहिती व प्रसारण मंत्रालय, प्रसार भारती
आणि मोबाईलवर थेट टीव्ही दाखवणाऱ्या सर्व कंपन्यांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यात हर्णै बंदराच्या रस्त्यावर माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, दुरुस्ती, फुटलेली काच बदलणं, जुन्या मोबाईलमधले फोटो नव्यात टाकून देणं, अशी रोजची कामं. पण गेली काही वर्षं काउंटरवर सगळ्यात जास्त येतं ते गाऱ्हाणं एकच. "दादा, टीव्ही लागत नाय, बघा जरा." टीव्ही म्हणजे घरातल्या भिंतीवरचा नव्हे, हातातल्या मोबाईलमधला. आमच्याकडे आता बऱ्याच घरांत तोच टीव्ही आहे. मासळीच्या लिलावाला गेलेली बाई पाटीजवळ बसून त्याच्यावर बातम्या बघते, आणि होडीवरचा पोरगा सुवर्णदुर्ग मागे पडून नेट तुटेपर्यंत त्याच्यावरच मॅच बघतो. म्हणून हे पत्र एका दुकानदाराचं असलं तरी गाऱ्हाणं सगळ्या किनाऱ्याचं आहे, असं धरून वाचा.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या आळीतला एक भाऊ टँकर जहाजावर फिटर आहे. जहाजावर चढायला जायच्या आदल्या दिवशी तो बायकोला घेऊन दुकानात आला. दोघांनी आपापले मोबाईल काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, दोन्हींवर तेच ॲप टाक आणि वर्षाची वर्गणी भर. पैसे त्याच्या इथल्याच बँक खात्यातून गेले. नंबर इथला, खातं इथलं, नाव-पत्ता इथला. मी विचारलं, वर्षाची कशाला, महिन्याची भर की. तर वहिनी लाजल्या आणि तोच म्हणाला, "रात्री आठची मालिका ही रोज बघते. माझी ड्यूटी सुटलेली असली तर मीपण त्याच वेळी लावेन. मध्ये जाहिरात लागली की मेसेज करू. तेवढंच एकत्र बसल्यासारखं."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. नंतर कधीतरी बघता येईल अशा कार्यक्रमाची ही गोष्टच नाही. तो भाग दुसऱ्या दिवशी सकाळीही सापडतो. पण आठ वाजता इथे जे दिसतं तेच त्याच क्षणी तिथे दिसणं, ही थेट टीव्हीची खरी किंमत आहे. सहा-आठ महिने घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते.

बाराव्या दिवशी त्याचा व्हॉट्सॲपवर फोन आला. जहाजावरचं वायफाय, आवाज तुटत होता. त्याने आधी स्क्रीनचा फोटो पाठवला होता. काळी पाटी आणि तिच्यावर इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ असा की हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. मला वाटलं तो चिडलेला असेल. चिडला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "अरे, माझा प्रदेश कोणता रे?"

मला उत्तर देता आलं नाही. जहाजावर झेंडा पनामाचा, मालक तिसऱ्याच देशातला, माल आखातातला, आणि खाली पाणी कुठल्याच देशाचं नाही. माणूस हर्णैचा. ह्यातला प्रदेश कोणता धरायचा?

मग मी ह्या कुलपाच्या मागे लागलो. धंदाच तो आहे, त्यामुळे थोडंफार कळतं. तुमचं ॲप माणूस कुठे आहे हे बघतच नाही. ते बघतं इंटरनेटचा पत्ता. प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो आणि कुठला पत्ता कुठल्या देशाचा ह्याच्या याद्या ठेवलेल्या असतात. ॲप त्या यादीत बोट ठेवतं आणि दार उघडायचं की नाही ते ठरवतं. जहाजावरचं नेट उपग्रहावरून येतं. उपग्रहाकडून ते ज्या देशातल्या केंद्रावर उतरतं, त्या देशाचा पत्ता जहाजाला लागतो. म्हणजे जहाज अरबी समुद्रात, आमच्या किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर असलं तरी ॲपच्या लेखी ते युरोपात असू शकतं.

ह्याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. तोच भाऊ दुबईच्या जवळ बंदराला लागला आणि त्याने भारतातलं सिम रोमिंगवर चालू केलं, तर तेच ॲप गपकन लागलं. कारण रोमिंगमधलं नेट बहुतेक वेळा आपल्या इथल्या कंपनीच्या यंत्रणेतून फिरून बाहेर पडतं, म्हणजे पत्ता भारताचाच राहतो. दहा मिनिटांनी त्याने रोमिंग बंद करून जहाजाचं वायफाय लावलं, की परत काळी पाटी. माणूस तोच, मोबाईल तोच, खुर्चीसुद्धा तीच. मग हे कुलूप नक्की कशावर लावलंय? आणि रोमिंगचं नेट घेऊन रोज अर्धा तास मालिका बघायची म्हटलं तर त्याचा खर्च वर्गणीच्या कितीतरी पुढे जातो.

आमच्या दुकानात बसूनही ह्या यादीचा भरवसा कळतो. इथला मोबाईल कित्येकदा मुंबईत किंवा पुण्यात आहे असं ॲपना वाटतं, म्हणून 'तुमच्या जवळच्या बातम्या' म्हणून कोथरूडचं पाणी आणि कात्रजची वाहतूक दिसते. आमच्या खाडीत पाणी चढलेलं असताना! हे हसून सोडून देण्यासारखं नाही. ज्या यादीला हर्णै कुठे आहे हे कळत नाही, त्या यादीच्या जोरावर तुम्ही हर्णैच्या माणसाला बाहेरचा ठरवता.

आता तुमची बाजू. ती मला कळते, आणि मी ती नाकारतही नाही. कार्यक्रमाचे हक्क देशागणिक, भाषेगणिक विकले जातात. क्रिकेटचंच घ्या. 2022 च्या जूनमध्ये आयपीएलचे 2023 ते 2027 ह्या पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. त्यात भारतीय उपखंडातल्या टीव्हीचे हक्क वेगळे विकले, मोबाईल-इंटरनेटचे वेगळे, आणि बाहेरच्या देशांचे आणखी वेगळे. एकट्या टीव्हीचे 23,575 कोटी. विमानात आणि जहाजांवर दाखवायचे हक्कही जगात वेगळे विकले जातात, हेही मला ठाऊक आहे. एवढा पैसा ओतून ज्याने एखाद्या देशाचे हक्क घेतले, त्याच्या देशात दुसऱ्याचं ॲप फुकट घुसलं तर तो कोर्टात जाणारच. दुबईला कायमचा स्थायिक झालेला माणूस तिथली वर्गणी भरून बघेल, हे ठीक आहे.

पण आमचा फिटर तिथे स्थायिक झालेला नाही. त्याने कुणाचा धंदा बुडवलेला नाही. ज्या देशाचे हक्क तुमच्याकडे आहेत, त्याच देशात त्याने पैसे भरले आहेत, आणि करार संपला की तो इथेच परत येणार आहे. आमच्या किनाऱ्यावर अशी माणसं घरटी सापडतील. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर, रत्नागिरी, खालती मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत. कुणी मर्चंट नेव्हीत, कुणी कुवेतला गाडी चालवतो, कुणी बहरीनला सुतारकाम करतो. आमच्या मोहल्ल्यातल्या अनेक घरांत तर आजोबा, बाप आणि मुलगा अशा तीन पिढ्या आखातात राबल्या. कोकण मनिऑर्डरवर जगतं असं पूर्वी म्हणायचे. मनिऑर्डर गेली, माणसं अजून बाहेरच आहेत.

आणि हा प्रश्न सुटणारा आहे. युरोपने तो सोडवलाय. तिथल्या देशांच्या संघाने 2017 मध्ये एक नियम केला आणि तो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. एका देशात वर्गणी भरलेला माणूस तात्पुरता संघातल्या दुसऱ्या देशात गेला, तर त्याला आपल्या घरचे कार्यक्रम तसेच दिसले पाहिजेत, आणि त्यासाठी कंपनीने जादा पैसे मागायचे नाहीत. माणूस खरोखर कुठला राहणारा आहे हे तपासायची मुभा कंपनीला आहे. ओळखपत्र, बँकेचा तपशील, बिलाचा पत्ता अशा ठरावीक गोष्टींतून ते तपासता येतं. नियमाने असं धरलं की तो माणूस आपल्या घरीच बसून बघतोय, त्यामुळे हक्कांचा भंगही होत नाही. तिथे हे देशा-देशांनी मिळून केलं, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी लागू झालं. आपल्याला सगळं जग बांधता येणार नाही, मान्य. पण भारतात हक्क विकताना आणि विकत घेताना करारात एक कलम घालता येईल, की भारतात नोंदलेला आणि भारतात पैसे भरलेला ग्राहक कामासाठी बाहेर असेल तर त्याला बघू द्यायचं. खलाशापासून सुरुवात करा. त्याच्याकडे सरकारने दिलेलं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक असतं, त्यात तो कधी कुठल्या जहाजावर चढला आणि कधी उतरला ह्याची नोंद असते. एवढा पक्का पुरावा बाकी कुणाकडे असतो?

जहाजावरच्या माणसाच्या बाबतीत जगाने एक पाऊल पुढे टाकलेलं आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. खलाशांच्या हक्कांसाठी 2006 चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, तो भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 23 डिसेंबर 2024 पासून अमलात आली. खलाशाला घरच्यांशी संपर्क ठेवता यावा म्हणून जहाजमालकाने शक्य तिथे इंटरनेट द्यावं, असं त्यात आहे. कोविडमध्ये माणसं महिनोन्‌महिने जहाजावर अडकली, त्यातून हे शहाणपण आलं. म्हणजे समुद्राच्या मधोमध नेट पोचलं, आणि त्या नेटवर आपल्या भाषेचा चॅनेल मात्र बंद.

वहिनींनी माझ्या काउंटरवरूनच कंपनीला फोन लावला होता. पस्तीस-चाळीस मिनिटं गेली. आधी गाणं, मग हिंदी, मग एकदाची मराठी बोलणारी मुलगी आली. ती बिचारी नीट बोलली, तिचा काही दोष नाही. तिने सांगितलं की सर देशाबाहेर आहेत, त्यामुळे थेट प्रक्षेपण दिसणार नाही, अटींमध्ये लिहिलेलं आहे. वहिनींनी विचारलं, मग पैसे परत द्या किंवा तो येईपर्यंत थांबवून ठेवा. तर म्हणाली, मॅडम, वर्गणी चालू आहे, भारतात दिसतंय, त्यामुळे तसं करता येणार नाही. वहिनींनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "म्हणजे मी बघत्ये म्हणून त्याचे पैसे बुडाले."

नंतर मी त्या अटी उघडून बघितल्या. इंग्रजीत, बारीक अक्षरात, बोटाने ढकलत ढकलत खाली जावं लागतं. तिथे ते वाक्य आहे, हे खरं. पण पैसे घेणाऱ्या पानावर नाही. तिथे मोठ्या अक्षरात काय आहे? कुठेही बघा, कधीही बघा. हे कुठेही म्हणजे कुठेपर्यंत, ते त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात आणि मराठीत लिहा. एवढ्यासाठी कुठलाही करार बदलावा लागत नाही. हे तुम्ही उद्या करू शकता.

कुलूप लागलं की माणूस गप्प बसत नाही, तो मागचं दार शोधतो. तो मागच्या दाराने गेला की काय होतं, ते तुम्हाला दिसत नाही. माझ्या काउंटरवर दिसतं. पहिलं दार व्हीपीएन, म्हणजे आपला खरा इंटरनेटचा पत्ता लपवून दुसऱ्याच देशाचा दाखवणारं ॲप. जहाजावरून, आखातातून पोरं विचारतात, दादा, कुठलं टाकू. पैसे घेणाऱ्या बऱ्याच मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी आपले इथले सर्व्हर हलवले, कारण एप्रिल 2022 मध्ये सरकारी यंत्रणेने ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश काढला. तो बरोबर की चूक ह्यात मी पडत नाही. पण त्यानंतर पोरं फुकटच्या, कुणी बनवलंय ते माहीत नसलेल्या व्हीपीएनकडे वळली. आपलं सगळं नेट त्या अनोळखी माणसाच्या हातातून जायला लागलं.

दुसरं दार त्याहून वाईट. व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप. 'सगळे चॅनेल फुकट, जगात कुठेही.' सुट्टीवर आलेले एक चाचा माझ्याकडे आले, मोबाईल गरम होतो म्हणून. उघडून बघितलं तर त्यात असलंच एक ॲप. त्याला टीव्ही दाखवायला मेसेज वाचायची परवानगी कशाला लागते? दिलेली होती. संपर्क यादीची दिलेली होती. दुसऱ्या ॲपवर आपली पाटी उघडायचीसुद्धा दिलेली होती. म्हणजे बँकेचा ओटीपी आला की आधी त्याला दिसणार. मी ते काढलं, चाचांना तिथेच बसवून बँकेचा पासवर्ड आणि पिन बदलायला लावला. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला फक्त नमाजानंतर मराठी बातम्या बघायच्या असायच्या रे," म्हणाले. पंचवीस वर्षं परदेशात काम करून साठवलेला पैसा त्या खात्यात होता. एक बातम्यांचा चॅनेल बघायला मिळत नाही म्हणून प्रामाणिक माणसाने चोराच्या हातात घराची किल्ली द्यावी, अशी वेळ आणू नका.

आता जे देशातच, आपल्या गावातच आहेत त्यांचं सांगतो, कारण त्यांच्याही मोबाईलवर टीव्ही सरळ येत नाही.

2009-10 च्या सुमारास मी दुकान टाकलं तेव्हा चायना मोबाईलचा जोर होता. दोन सिम, मोठा आवाज, आणि डोक्यावर बाहेर ओढायची चकचकीत अँटेना. ती अँटेना ओढली, थोडं इकडेतिकडे फिरलं, की मुंग्या मुंग्या होऊन का होईना, दूरदर्शन दिसायचं. नेट नाही, रिचार्ज नाही, वर्गणी नाही. डोंगरावर गुरं घेऊन गेलेला माणूससुद्धा सह्याद्रीवरच्या बातम्या बघायचा. त्या मोबाईलने कधी कुणाला विचारलं नाही की तू कुठे आहेस. लहरी पोचल्या की चित्र. मग दूरदर्शनने जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं बंद करत आणली, 2022 पर्यंत सामरिक महत्त्वाच्या पन्नासेक जागा सोडल्या तर जवळजवळ सगळी बंद झाली. तंत्र जुनं झालं होतं, ते ठीक. पण त्याजागी मोबाईलला थेट पोचणारं नवं काही आमच्याकडे आलं नाही. 2016 मध्ये डिजिटल प्रक्षेपण 16 शहरांत सुरू झालं, मोबाईलला छोटा डोंगल लावून ते दिसायचं. त्या यादीत मुंबई होती. मुंबईच्या खालचं कोकण नव्हतं.

दूरदर्शनची फ्री डिश आहे, त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. महिन्याला एक पैसा न देता गरिबाच्या घरात चॅनेल आले. पण आमच्याकडे ती छत्री आग्नेयेकडे तोंड करून लावायची, आणि आग्नेयेला कुणाची तरी माड-पोफळीची वाडी असतेच. पावसाने जोर धरला की चित्र गोठतं, मग निळी पाटी. आणि आमच्याकडे पावसाळा चार महिने. वीज गेली तर डिशही गेली. ज्या दिवशी टीव्हीची खरी गरज, त्याच दिवशी तो बंद.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने, पण आमच्या हर्णै, आंजर्ले, केळशीची त्याने काय दशा केली ते ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब वाकून रस्त्यात पडले. टॉवर बंद. आम्ही काही जणांनी होडीच्या बॅटऱ्या आणून लोकांचे मोबाईल चार्ज करून दिले. रांग लागायची. चार्ज झालेला मोबाईल हातात घेऊन माणसं नुसती बघत उभी राहायची, कारण त्यात काहीच येत नव्हतं. आणखी पाऊस येणार आहे का, रस्ता कुठपर्यंत मोकळा झाला, मदत कुठे वाटतायत, कसलीच बातमी नाही. मुंबईत बसलेल्या आमच्या माणसांना टीव्हीवर आमचं गाव दिसत होतं, आम्हाला दिसत नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि जुलैत चिपळूणला वाशिष्ठीने शहर गिळलं, तेव्हाही तीच गत.

म्हणून मोबाईलला थेट प्रक्षेपण देण्याची, म्हणजे डीटूएमची बातमी ऐकली तेव्हा मी ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. आयआयटी कानपूर आणि बंगळुरूच्या सांख्य लॅब्जने त्यावर काम केलंय. सिम नको, नेट नको. मनोऱ्यावरून लहरी सुटणार आणि मोबाईलमधली चिप त्या पकडणार. 2024 च्या जानेवारीत मंत्रालयाच्या सचिवांनी 19 शहरांत चाचणी घेणार असं सांगितलं, देशातल्या 28 कोटी घरांपैकी 8-9 कोटी घरांत अजून टीव्हीच नाही असंही सांगितलं. मोबाईल बनवणाऱ्या काही बड्या कंपन्यांनी विरोध केला, चिप घातली तर मोबाईल महागेल म्हणून. त्यांचंही म्हणणं ऐका. पण 2023 मध्ये सरकारनेच मोबाईल कंपन्यांना सांगितलं होतं ना, की ज्या मोबाईलमध्ये एफएम रेडिओची सोय आहे ती बंद करून ठेवू नका, आपत्तीत उपयोगी पडते म्हणून. तेच कारण इथेही लागू आहे.

हे तंत्र का वेगळं, ते मी गिऱ्हाइकांना असं सांगतो. 2023 मध्ये एकदा सगळ्यांचे मोबाईल एकाच वेळी मोठ्याने वाजले होते, आठवतं? चाचणीचा संदेश होता. तो प्रत्येकाला वेगळा पाठवलेला नव्हता. टॉवरने एकदा हाक मारली आणि परिसरातल्या सगळ्यांनी ती ऐकली. आत्ताचा मोबाईलवरचा टीव्ही उलटा चालतो. शंभर जण एकच मॅच बघत असतील तर टॉवर शंभर वेळा तेच चित्र वेगवेगळं वाहून नेतो. म्हणून गणपतीत चाकरमानी गावात आले की आमच्या टॉवरचा जीव जातो. आरतीचा व्हिडिओ सोडा, साधा फोन लागत नाही. एकदाच हाक मारणारा मनोरा असला, तर एक बघो की दहा हजार बघोत, त्याच्यावर भार तेवढाच.

मागणी अशी, की त्या चाचण्या शहरापुरत्या ठेवू नका. एक मनोरा कोकणच्या किनाऱ्यावर लावा. शहरात नेट आहे, केबल आहे, सगळं आहे. चाचणी तिथे करायची ज्या जागेला त्याची भूक आहे. किनाऱ्यावरच्या डोंगरावरून सुटलेल्या लहरींना समुद्राकडे आडवं येणारं काही नसतं. 1 ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठून होड्या बाहेर पडतात, तेव्हा जिथे नेट तुटतं त्याच्या पलीकडेही होडी हाकणाऱ्या तांडेलला वादळाची बातमी चित्रासकट दिसली तर किती जीव वाचतील, ह्याचा विचार करा.

आणि एक कायदा आहे, त्याबद्दल. 2007 च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण कायद्याचे शब्द असे की ते फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या जाळ्यावर आणि डीटीएचवर दाखवायचं. 2017 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही तसाच अर्थ लावला, की केबलवर ते जाता कामा नये. म्हणून केबलवाल्या घरात दूरदर्शन लागलेलं असतं, पण मॅचच्या वेळी तिथे दुसरंच काहीतरी चालू असतं. माणसं मला विचारतात, बॉक्स बिघडला का? बॉक्स नाही बिघडला, काका, कायदा तसा आहे. कायदा झाला त्या साली मोबाईलवर टीव्ही ही गोष्ट आमच्यासारख्या साध्या माणसाच्या डोक्यात नव्हती. ते जमिनीवरचं जाळं तर तुम्हीच गुंडाळलंत. उरली एकटी डिश. मंत्रालयाने 2018 मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. तो बाहेर काढा, आणि त्यात मोबाईलचा शब्द घाला. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे स्वतःचं ॲप आणलं, आमच्या शेजारीच. लोकांच्या पैशाने चालणारं ॲप आहे. देशाचा सामना लोकांच्या ॲपवर दिसला पाहिजे. 2024 च्या टी-20 विश्वचषकात खासगी कंपनीने मोबाईलवर सगळं फुकट दाखवलं, लोक खूश होते. पण ती कंपनीची मर्जी होती. पुढच्या वेळी मर्जी फिरली तर?

तुम्ही मोठ्या खुर्च्यांवर आहात, तुम्हाला रोज शेकड्याने पत्रं येत असतील. हे वाचून कुणी एकाने जरी करारातलं कलम उघडून बघितलं, तरी मला पुरे. निदान पैसे घेणाऱ्या पानावरचं ते एक वाक्य तरी ह्या गणपतीच्या आधी बदला.

वहिनींच्या वर्गणीचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय. काल त्या रिचार्जला आल्या होत्या. अजून रोज आठ वाजता एकट्याच मालिका बघतात, आणि जाहिरात लागली की त्याला मेसेजवर गोष्ट लिहून पाठवतात, काय झालं, कोण काय बोललं. तो आता उतरून घरी येईल, आणि परत जहाजावर चढणार आहे दिवाळीनंतर. त्यांनी मला विचारलंय, पुढच्या वर्षाचे पैसे दोघांचे भरू की माझे एकटीचेच. मी त्यांना आठ दिवस थांबा म्हटलंय.

कळावे.

आपला,
हर्णै बंदरावरचा एक मोबाईल दुकानदार
ता. दापोली, जि. रत्नागिरी